पण यांना ठेवायचं कुठे?

सुपरहिरोंच्या मालिकांमधल्या नैतिकतेची चर्चा निघाली की ती फिरून फिरून एकाच जागी येते: नायकाने जीव घ्यावा की नाही. ‘डेअरडेव्हिल’मध्ये नायक मॅट मर्डॉक आणि गुन्हेगारांना ठार करणारा पनिशर गच्चीवर यावरच भांडतात. ‘ॲरो’चा ऑलिव्हर क्वीन पहिल्या हंगामात बेधडक बाण मारतो आणि दुसऱ्या हंगामात तसं करायचं नाही असं ठरवतो. प्रश्न मोठाच आहे, पण तो समोर आला की ओळखू येतो. संगीत बदलतं, नायक दात आवळतो, आणि आता इथे काहीतरी ठरणार आहे हे प्रेक्षकाला आपसूक कळतं.

मी ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात असं काहीच होत नाही. त्यातली रेषा ओलांडली जाते ती हसतखेळत, एका तांत्रिक अडचणीवर उपाय शोधताना, आणि ओलांडणारी माणसं अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भली माणसं आहेत. मालिका ‘द फ्लॅश’, हंगाम पहिला, २०१४-१५. (पाहिली नसेल तर पुढे बरीच गुपितं फुटतील. आधीच सांगून ठेवतो.)

परिस्थिती

सेंट्रल सिटी या काल्पनिक अमेरिकन शहरात डिसेंबर २०१३ च्या एका रात्री स्टार लॅब्स या संशोधन संस्थेच्या पार्टिकल ॲक्सिलरेटरचा (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राचा) स्फोट होतो. त्या लाटेत सापडलेल्या काही लोकांना अचाट शक्ती मिळतात. मालिका त्यांना मेटाह्यूमन म्हणते. बॅरी ॲलन त्यांच्यातलाच एक. अंगावर वीज पडून तो नऊ महिने बेशुद्ध असतो, आणि जागा होतो तो वाऱ्यापेक्षा वेगाने पळणारा माणूस म्हणून. पोटापाण्यासाठी तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करतो: गुन्ह्याच्या जागी जायचं, ठसे, माती, रक्त गोळा करायचं, कोर्टात टिकेल असा पुरावा उभा करायचा. हे काम लक्षात ठेवा.

त्याहून महत्त्वाचा त्याचा बाप. २००० साली बॅरी अकरा वर्षांचा असताना त्याच्या आईचा खून झाला आणि वडिलांना, हेन्री ॲलनना, त्यासाठी जन्मठेप झाली. हेन्री निर्दोष आहेत. हे बॅरीला माहीत आहे, आपल्याला माहीत आहे, फक्त कोर्टाला माहीत नाही. ते आयर्न हाइट्स तुरुंगात आहेत आणि पोरगा त्यांना काचेपलीकडून फोनवर भेटतो. (हेन्रींची भूमिका जॉन वेस्ली शिप यांनी केली आहे. १९९० च्या जुन्या मालिकेतले फ्लॅश तेच.) थोडक्यात, चुकून डांबलेल्या माणसाचं दुःख काय असतं हे ज्या नायकाला सगळ्यात जवळून ठाऊक आहे, त्याचीच ही गोष्ट आहे.

बाकीची मंडळी अशी: बॅरीला वाढवणारा डिटेक्टिव्ह जो वेस्ट, यंत्रं बनवणारा सिस्को, डॉक्टर केटलिन, आणि चाकाच्या खुर्चीतले डॉ. हॅरिसन वेल्स, म्हणजे ज्यांच्या यंत्राचा स्फोट झाला तेच.

निर्णय

तिसरा भाग. काइल निम्बस नावाचा माणूस विषारी वायू होऊ शकतो. तो एका गुन्हेगारी टोळीचा भाडोत्री मारेकरी होता. त्याच टोळीने त्याला पकडून दिलं, कोर्टाने मृत्युदंड दिला, आणि स्फोटाच्या रात्री तो आयर्न हाइट्सच्या गॅस चेंबरमध्येच होता. आता तो टोळीतल्या लोकांना आणि शिक्षा देणाऱ्या न्यायाधीश बाईंना मारून सूड उगवतोय. पुढचा नंबर जोचा, कारण अटक त्याने केली होती.

त्याला पकडल्यावर काय करायचं? साध्या कोठडीच्या गजांतून तो धुरासारखा निघून जाईल. मग कल्पना निघते की ॲक्सिलरेटरचं जमिनीखालचं कडं भक्कम आहे, रिकामं पडलंय, तिथेच कोठड्या करू. काही वाक्यांत चर्चा आटोपते. सिस्को कामाला लागतो. निम्बस काचेच्या खोलीत बंद होतो. त्या जागेचं नाव पाइपलाइन.

हा प्रसंग मी तीनदा पाहिला, प्रत्येक वेळी एकच गोष्ट शोधत: खोलीत कोणाला अस्वस्थ वाटतं का? वाटतं, केटलिनला. पण ते वेगळ्या कारणाने. तिचा होणारा नवरा रॉनी स्फोटाच्या रात्री त्याच कड्यात अडकला होता आणि शहर वाचवण्यासाठी सिस्कोला दरवाजा बंद करावा लागला होता. तिला तिथे उतरवत नाही. तिचं दुःख अगदी खरं आहे आणि भागाने ते फार हळुवारपणे दाखवलंय. पण त्याचा परिणाम पाहा. नैतिक अस्वस्थतेसाठी पटकथेत जी जागा होती, ती शोकाने भरून काढली. केटलिन शेवटी धीर करून खाली उतरते, आपल्याला बरं वाटतं, आणि कोर्टाशिवाय चालणारा एक तुरुंग उघडला गेला हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्यांदा पाहताना माझ्याही आलं नव्हतं.

पहिला कैदी कोण निवडलाय हेही बघा. निम्बसवर खटला चालून गेलाय, शिक्षा झालीय, सरकारदरबारी तो मेलेला आहे. त्याला डांबल्याने कोणाचा हक्क गेला असं वाटतच नाही, त्याला शोधायला कोणी येणार नाही. पायंडा नेहमी अशाच माणसावर पाडला जातो, ज्याच्या बाजूने बोलणं सगळ्यात अवघड.

मग कोण कोण आलं

सहाव्या भागात टोनी वुडवर्ड आला. अंग पोलादाचं करू शकणारा, आणि शाळेत बॅरीला बदडणारा पोरगा. त्याला बंद केल्यावर बॅरी काचेसमोर उभा राहतो आणि मुखवटा काढतो. मी कोण ते बघ! दृश्य पाहताना मजा येते, नाकारत नाही. पण या एका क्षणात दोन गोष्टी घडल्या. एक, शहराच्या सुरक्षेसाठी केलेली कोठडी एका जुन्या हिशेबाच्या कामी आली. दुसरी जास्त वाईट: आता टोनीला बॅरीचा चेहरा माहीत झाला. यापुढे त्याला बाहेर सोडणं म्हणजे गुपित बाहेर सोडणं. त्याची कैद त्याच्या गुन्ह्यावर अवलंबून होती ती आता बॅरीच्या सोयीवर अवलंबून झाली, आणि हे बॅरीने निव्वळ शेखी मिरवण्यासाठी केलं.

आठव्या भागात रॉय बिव्होलो, लोकांच्या डोक्यात राग भडकवून बँका लुटणारा. अकराव्यात हार्टली रॅथवे. हार्टलीजवळ अंगभूत शक्ती नाहीच. आवाजाची लाट सोडणारे हातमोजे आहेत, ते काढून घेतले की उरतो एक हुशार, खुनशी माणूस. म्हणजे ‘साधा तुरुंग ज्यांना धरू शकत नाही त्यांच्यासाठीच’ हा जो एकमेव निकष होता, तो आठ भागांत गळून पडला. कोणी तो बदलतोय असं जाहीर केलं नाही. जागा होती, माणूस हाती लागला होता, ठेवला.

बाराव्या भागातली शॉना बेझ मला सगळ्यात जास्त टोचते. नजर पोचेल तिथे ती क्षणात पोचते. तिने काय केलं? प्रियकराला आयर्न हाइट्समधून पळवलं, त्याच्या नादाने पैशांची गाडी लुटायला गेली, आणि ऐन वेळी तो तिला टाकून पळाला. हे गुन्हे आहेत, शिक्षा व्हायला हवी. पण साधा वकील मिळाला असता तर कोर्टासमोर बोलण्यासारखं तिच्या बाजूने बरंच होतं. तिला मिळाली आरशाच्या काचेची खोली: बाहेरून ती दिसते, तिला मात्र बाहेरचं काही दिसत नाही. कारण बाहेरचं दिसलं की ती निसटणार. उपाय बिनचूक आहे. दिवसरात्र स्वतःचंच प्रतिबिंब बघत बसायची शिक्षा तिला कोणत्या कायद्याखाली झाली, ते विचारायला फक्त कोणी नव्हतं.

एकोणिसाव्या भागातला हॅनिबल बेट्स कोणाचंही रूप घेऊ शकतो. त्याला कोठडीत विचारतात, तुझा स्वतःचा चेहरा दाखव. तो सांगतो, आठवत नाही. मालिकेतल्या सर्वांत भयाण वाक्यांपैकी हे एक, आणि त्यावर खोलीतल्या डॉक्टरने काय केलं? काही नाही. दार बंद.

निम्बस ते शॉना हे अंतर मला या प्रकरणातलं सगळ्यात बोलकं वाटतं. मृत्युदंड झालेला खुनी ते प्रेमात फसलेली चोर, मधे जेमतेम नऊ भाग.

त्यांची बाजू

बॅरीच्या टोळीची बाजू लेचीपेची नाही. ती नीट मांडायला हवी, नाहीतर हा सगळा पश्चातबुद्धीचा खेळ होईल.

पहिला मुद्दा: आयर्न हाइट्स यांना खरोखरच धरू शकत नव्हता. निम्बसने तिथल्या भेटीच्या वेळी जोचा जवळजवळ जीव घेतला होता. उद्या तो सुटला आणि दहा माणसं मेली तर त्या दहांच्या घरच्यांना काय सांगणार, प्रक्रिया पाळली म्हणून? दुसरा: मेटाह्यूमन असतात हेच तेव्हा जगाला धड माहीत नव्हतं. कोर्टात फिर्याद काय लिहायची, आरोपीने ढगाचं रूप घेऊन? तिसरा: दुसरा पर्याय मारून टाकण्याचा होता. पहिल्या भागात क्लाइड मार्डनला जोने गोळी घातली होती, दुसऱ्या भागात डॅन्टन ब्लॅक इमारतीवरून पडून मेला. त्यापुढे काचेची खोली म्हणजे दयाच.

तिसऱ्या मुद्द्याने मी बराच काळ गप्प होतो. मग लक्षात आलं की तो मुद्दा जीव घेण्याच्या त्या जुन्या प्रश्नातून उसना आणलाय. ‘आम्ही मारत नाही’ हे एकदा म्हटलं की बाकी सगळं माफ होतं. नायकाचा हात रक्ताने माखला नाही, एवढ्यावर आपण सगळे समाधानी.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर मात्र साथीच्या रोगांत सापडतं. संसर्ग झालेल्या माणसाचा काही गुन्हा नसतो, तरी त्याला विलगीकरणात ठेवायला कायदा परवानगी देतो. म्हणजे ‘धोकादायक आहे म्हणून अडवून ठेवणं’ मुळात बेकायदा नाही. पण तिथे आदेश लागतो, आदेशावर सही लागते, सही करणारा जबाबदार असतो, आणि अडवलेल्याला त्याविरुद्ध दाद मागता येते. पाइपलाइनमध्ये काच होती, शक्ती दाबणारी यंत्रणा होती, नव्हता फक्त एक कागद. सिस्कोची यंत्रणा आयर्न हाइट्सला देता आली नसती का? आली असती. पुढच्या हंगामांत तिथे मेटाह्यूमनांसाठी वेगळा विभाग होतोच. तंत्रज्ञान अडत नव्हतं.

मग अडत काय होतं? मुखवटा. कोर्टात गेलं की पकडणाऱ्याचं नाव सांगावं लागतं, उलटतपासणी होते, आणि मुखवटा घालून साक्ष देता येत नाही. इथे बॅरीचं खरं काम पुन्हा आठवा. आरोपीच्या वकिलाला आव्हान देता येईल असा पुरावा गोळा करण्याचा त्याला पगार मिळतो. फ्लॅश म्हणून नाही तर प्रयोगशाळेतला बॅरी ॲलन म्हणून तो यांच्याविरुद्ध फायली उभ्या करू शकला असता. जो तर शपथ घेतलेला पोलीस. दोघंही दिवसा जी व्यवस्था चालवत होते तिला रात्री फाटा देत होते. आणि गुपित बॅरीचं असलं तरी त्याची किंमत चुकवत होते काचेमागचे लोक.

अमेरिकेच्या राज्यघटनेत, अगदी पहिल्या अनुच्छेदात, बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क बंड किंवा आक्रमण असल्याशिवाय स्थगित करता येणार नाही असं म्हटलंय. पकडलेल्याला न्यायाधीशापुढे उभं करा आणि का पकडलं ते सांगा, एवढी ती साधी मागणी. यादवी युद्ध संपल्यावर १८६६ साली मिलिगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे नेहमीची न्यायालयं उघडी आहेत तिथे नागरिकाला लष्करी न्यायाधिकरणापुढे उभं करता येत नाही. सेंट्रल सिटीची न्यायालयं उघडी होती. निम्बसने एका न्यायाधीशाला मारलं, म्हणजे न्यायाधीश होतेच! आणि इथे लष्करी न्यायाधिकरणसुद्धा नव्हतं, चार मित्र होते.

आणखी एक माप. कैद्यांच्या वागणुकीबद्दल संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम २०१५ मध्ये स्वीकारले गेले. दिवसाचे २२ तास किंवा जास्त, अर्थपूर्ण मानवी संपर्काविना ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतवासाला ते मनाई करतात. निम्बसचा भाग ऑक्टोबर २०१४ मध्ये दाखवला गेला आणि त्याची काचेतून सुटका झाली ती मे २०१५ च्या भागात. सुमारे सात महिने. त्या सात महिन्यांत यांना जेवण कोण देतं, अंघोळीचं काय, यावर चाहत्यांनी भरपूर विनोद केलेत. विनोद होतात कारण पटकथेने त्या गोष्टींकडे पाहिलंच नाही. कैद्याचं पोट पडद्यावर दिसलं की तो कैदी होतो. नाही दिसलं तर तो कपाटात ठेवलेली वस्तू राहतो.

चावी कोणाकडे

या प्रकरणाचा कणा इथे आहे. हॅरिसन वेल्स हा खरा वेल्स नाही. तो एओबार्ड थॉन, भविष्यातून आलेला, बॅरीच्या आईचा खुनी. म्हणजे या तुरुंगाचा जेलर तोच आहे ज्याच्या गुन्ह्यासाठी हेन्री ॲलन दुसऱ्या तुरुंगात सडतायत.

त्याने कैद्यांचं काय केलं ते क्रमाने पाहू. सातव्या भागात फारूक जिब्रान नावाचा वीज शोषणारा माणूस स्टार लॅब्समध्ये घुसतो. बॅरीची शक्ती गेलेली असते. वेल्स गुपचूप खाली जाऊन टोनीला सोडतो: याला रोखलंस तर मोकळा. टोनी लढतो आणि मरतो. विसाव्या भागात वेल्सला सापळ्यात पकडायचा बेत होतो, जो गोळी झाडतो, आणि पडलेल्या प्रेताचा चेहरा बदलतो. तो हॅनिबल बेट्स असतो. वेल्सने त्याला आपलं रूप घेऊन पाठवलेलं असतं. बाविसाव्या भागात शॉना कोठडीबाहेर फिरताना सापडते. तिलाही लक्ष दुसरीकडे वळवण्यासाठी त्यानेच सोडलेलं असतं. आणि तो स्वतः, तसंच त्याने पळवून नेलेला जोचा सहकारी एडी, एवढा वेळ कुठे होते? त्याच कड्यात. वर टोळी त्यांना शहरभर शोधत होती.

बाहेरच्या कोणाला ठाऊक नसलेला तुरुंग शेवटी आतल्यांनाही ठाऊक राहत नाही. नोंदवही नाही, पहारा नाही, मोजदाद नाही. मग एखादा कैदी कमी झाला तर सांगणार कोण?

टोनी मेल्यावर बॅरी वेल्सवर भडकतो, आणि तो भडकणारच, पोरगा मनाने निर्मळ आहे. पण त्यानंतर चावी कोणाकडे राहिली? वेल्सकडेच. एका कैद्याला मोहरा म्हणून वापरून मारलं गेलं, हे सगळ्यांना कळलं, आणि कुलूप तेच राहिलं. मला विचाराल तर वेल्स खलनायक आहे हे कळण्यापूर्वीचा हा सगळ्यात मोठा इशारा होता, आणि तो वेल्सबद्दलचा नव्हताच.

कोणी म्हणेल, वेल्स दुष्ट निघाला हा योगायोग, भला माणूस असता तर पाइपलाइन ठीक चालली असती. असेल. पण भल्या माणसाच्या हाती आहे म्हणून ठीक, एवढाच ज्या कोठडीचा आधार, तिथे माणूस भला आहे की नाही हे तपासायची सोय कोठडीच्या रचनेत हवी ना? ती बरोबर काढून टाकली होती.

ट्रक

मालिका स्वतः ज्याला रेषा ओलांडणं म्हणते ते बाविसाव्या भागात येतं. वेल्सने ॲक्सिलरेटर पुन्हा सुरू केलाय, तो पूर्ण ताकदीने चालला की पाइपलाइनमधले सगळे मरतील. त्यांना हलवायला हवं. कुठे? ऑलिव्हर क्वीनच्या ओळखीने आर्गस ही गुप्त सरकारी संस्था त्यांना लियान यू बेटावरच्या आपल्या तुरुंगात घ्यायला तयार होते. म्हणजे पुन्हा कोर्ट नाही, फक्त आता मधे समुद्र. (या मालिकेच्या प्रेक्षकांनी २००२ पासून ग्वांतानामोच्या, म्हणजे खटल्याविना माणसं डांबणाऱ्या अमेरिकी लष्करी तुरुंगाच्या, बातम्या वाचल्या होत्या. लेखकांनीही वाचल्या असाव्यात. पण त्याचा उच्चार कुठे नाही.)

विमानतळापर्यंत नेण्यासाठी बंदोबस्त हवा म्हणून जो सरकारी वकील सेसिल हॉर्टनकडे जातो. ती नकार देते. सात महिन्यांत पाइपलाइनबद्दल बाहेरच्या माणसाचं मत घेतलं गेलं ते हे एवढंच, आणि ते घेतलं तेव्हा पहिल्या झटक्यात उत्तर आलं. भाग तिला आडमुठी अधिकारी म्हणून दाखवून पुढे सरकतो. मला तिथे थांबून तिला चहा विचारावासा वाटला.

मग बॅरी लिओनार्ड स्नार्टकडे जातो. गोठवणारी बंदूक बाळगणारा चोर, हातावर खून असलेला. स्नार्टची अट: माझ्याविरुद्धची प्रत्येक नोंद पुसून टाक. बॅरी पुसतो. पुरावे जपण्यासाठी नोकरीला ठेवलेला माणूस पुरावे नष्ट करतो. जो कळवळून अडवतो, बॅरी ऐकत नाही. आणि वाटेत स्नार्ट ठरल्याप्रमाणे न वागता ट्रकवरची शक्ती दाबणारी यंत्रणा बंद पाडतो. कैद्यांपैकी जेक सिमन्स लढायला उभा राहतो, त्याला स्नार्ट गोठवून मारतो. बाकीचे, निम्बस, बिव्होलो, शॉना, क्लाइडचा भाऊ मार्क मार्डन, पळून जातात आणि आता सुटकेसाठी स्नार्टचे मिंधे होतात.

भागाच्या शेवटी बॅरी खचलेला. ऑलिव्हरच्या वाटेने जायला गेलो आणि तोंडघशी पडलो, असा त्याच्या बोलण्याचा सूर. जो त्याला सावरतो: ऑलिव्हरची ती वाट तुझी नाही. म्हणजे मालिकेचा निकाल लागला. चूक कोणती? खलनायकाशी सौदा, पुरावे पुसणं.

चूक होतीच. पण बॅरीने स्नार्टशी सौदा का केला? कैदी हलवायला माणूस मिळेना म्हणून. माणूस का मिळेना? कारण कैदी आहेत हे कोणाला सांगता येत नव्हतं म्हणून. बाविसाव्या भागातलं पाप तिसऱ्या भागातल्या पापाचं व्याज आहे. मालिका व्याजावर रडते, मुद्दल तसंच ठेवते. त्याच भागाच्या अखेरीस थॉन पकडला जातो, आणि त्याला कुठे ठेवतात? रिकाम्या झालेल्या पाइपलाइनमध्ये. तीच काच, तेच कुलूप.

राजकारणात हात मळण्याच्या प्रश्नावर मायकेल वॉल्झर या अमेरिकन विचारवंताने १९७३ मध्ये निबंध लिहिला होता. त्याची मांडणी साधारण अशी: लोकांच्या भल्यासाठी नेत्याला कधी वाईट कृत्य करावं लागेल, पण ते वाईट आहे हे त्याला टोचलं पाहिजे, आणि ती टोचणीच त्याच्या चांगुलपणाची खूण. बॅरीचे हात या कसोटीवर पाहिले तर स्नार्टच्या बाबतीत तो उतरतो. पाइपलाइनच्या बाबतीत हात मळलेत हेच त्याला दिसलेलं नाही. आणि त्याला दिसावं अशी व्यवस्था लेखकांनी केलेली नाही, म्हणून दोष मी पात्रापेक्षा पटकथेला जास्त देतो. चोवीस भागांच्या आसपासचा हंगाम, दर आठवड्याला नवा खलनायक, नायक तर मारणार नाही. मग या सगळ्यांना ठेवायचं कुठे? तो प्रश्न आधी लेखकांच्या खोलीत पडला असणार. पात्रांच्या तोंडी नंतर आला.

पुढे

दुसऱ्या हंगामाच्या पहिल्याच भागात हेन्री ॲलन सुटतात. थॉनने मागे ठेवलेल्या कबुलीच्या चित्रफितीमुळे. पंधरा वर्षांनी का होईना, पण एक पुरावा, एक सरकारी वकील, एक कोर्ट, आणि दार उघडलं. ज्या व्यवस्थेने त्यांना चुकून आत टाकलं तिच्यातच बाहेर पडायची वाट होती.

कायद्याचा तुरुंग म्हणजे स्वर्ग असं मात्र समजू नका. चौथ्या हंगामात आयर्न हाइट्सचा अधीक्षक ग्रेगरी वुल्फ मेटाह्यूमन कैद्यांना काळ्या बाजारात विकायला निघतो. शिक्का असला म्हणजे चोरी होत नाही असं नाही. फरक एवढाच की वुल्फला ते लपवावं लागतं.

आणि त्याच हंगामात बॅरीवर क्लिफर्ड डेव्होच्या खुनाचा आळ येतो. आपणच फ्लॅश आहोत हे सांगितलं तर तो कदाचित सुटेल. भर कोर्टात तो गप्प राहतो आणि जन्मठेप स्वीकारतो. गुपिताची किंमत पहिल्यांदा त्याने स्वतः मोजली. या खटल्यात त्याची वकील कोण? सेसिल हॉर्टन. जोला बंदोबस्त नाकारणारी तीच बाई, आता जोच्या घरातली. ती हरते, पण उलटतपासणी घेते, हरकती घेते, लढते.

आयर्न हाइट्समध्ये बॅरीला मिळते ती कोठडी वडिलांची. भिंतीवर हेन्री ॲलन हे नाव कोरलेलं आहे. बायको आयरिस भेटायला येते तेव्हा मधे काच असते आणि दोन्ही बाजूंना फोन. अशाच फोनवर तो वर्षानुवर्षं बापाशी बोलला होता. शॉना बेझला त्या महिन्यांत भेटायला कोणी आलं असतं का, हे पहिल्या हंगामात कोणी विचारलं नाही. ती कुठे आहे हेच बाहेर कोणाला माहीत नव्हतं.